समोरच्या वाऱ्यात जड चकती

महाळुंगे

प्रिय आई, तुला आणि बाबांना जयभीम.

मी बरी आहे. काल डिस्क गोल्फच्या राज्य संघाची निवड झाली. शेवटची चकती ओढ्यापलीकडच्या टोपलीकडे फेकायची होती आणि वारा समोरून होता. हलकी चकती अशा वाऱ्यात उलटून उजवीकडे पाण्यात जाते. जड चकती वाट सोडत नाही, पण तिला खांद्याचा जोर लागतो.

माझ्या खोलीतली अंजली म्हणाली, "हलकी घे. संघ पुढच्या वर्षीही असेल, खांद्याचं काय?"

मी जडच घेतली. घामेजल्या हातातून सुटू नये म्हणून जरा मऊ प्लास्टिकची निवडली. चकती ओढ्यापार पडली आणि माझं नाव यादीत आलं.

धाकट्या नागसेनचा ताप उतरला का?

अक्षर अंजलीचं आहे. डॉक्टरांनी माझा हात गळ्यात बांधलाय. बाबांना एवढ्यात सांगू नकोस.

तुझीच,
आम्रपाली