तयारी वर्ग, दर गुरुवारी सहा वाजता

१ सप्टेंबर, सोमवार. पहाटे ५.२५
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायला नाही. प्रभू सगळं जाणतोच, तरी आपल्याकडे लेखी असलेलं बरं.
काल उपासनेत पाळकसाहेबांनी विचारलं, आज संध्याकाळी ख्रिस्त परत आला तर तुमच्यापैकी किती जण तयार आहेत? सगळ्यांच्या माना खाली गेल्या. माझी गेली नाही.
ठराव: रोज पाचला उठणे. एक तास प्रार्थना. ज्यांनी ज्यांनी आपल्याला दुखावलं त्यांची यादी करून एकेकाला क्षमा करणे. बाकीच्या मंडळीलाही तयार करणे.
उठायला पंचवीस मिनिटं उशीर झाला. पहिल्या ठरावात ‘पाचच्या सुमारास’ अशी दुरुस्ती केली.

२ सप्टेंबर
क्षमेची यादी पूर्ण. चौदा नावं. पहिलं मेहुणीचं, म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचं. नऊ वर्षांपूर्वी भर पाहुण्यांत ती म्हणाली होती, की या घरात एक जण बोलतो आणि एक जण राबतं.
हिने यादी वाचली. विचारलं, आणि माफी कुणाकुणाची मागायची, ती यादी कुठाय? म्हटलं, ते दुसऱ्या टप्प्यात घेऊ.

४ सप्टेंबर, गुरुवार. रात्री जेवण झाल्यावर
पहिला तयारी वर्ग. पाळकसाहेबांनी चर्चची मागची खोली दिली. अकरा जण आले. विषय: बायबलमधला दाखला, नवरदेवाची वाट बघणाऱ्या दहा मुली, पाचजणींच्या दिव्यांत तेल होतं, पाचजणींच्या नव्हतं. मी चाळीस मिनिटं बोललो. छान रंगलं होतं.
नेमकी मूर्ख पाचजणींची गोष्ट चालू असताना ही शेवटच्या रांगेतून उठून बाहेर गेली. सगळ्यांनी पाहिलं. घरी येताना विचारलं तर म्हणाली, आत श्वास घ्यायला होत नव्हतं. बाकी दहा जणांना होत होतं. मी काही बोललो नाही. संयम.

९ सप्टेंबर
दातांच्या डॉक्टरांचा माझ्या सोफा-दुरुस्तीच्या दुकानात फोन. त्यांच्या दवाखान्यातल्या आठ खुर्च्या जुलैपासून माझ्याकडे उसवून पडल्यात. नवा फोम आणलाय, कापड आणलंय, फक्त हात लागायचाय. पण सध्या मन वरच्या गोष्टींत आहे. मी त्यांना शांतपणे सांगितलं, डॉक्टर, प्रभू येण्याची ती घटका कुणालाच ठाऊक नाही. ते म्हणाले, मला ठाऊक आहे, सोमवारी दहा वाजता, पेशंट उभे आहेत.
संसारात बुडालेला माणूस. यादीत पंधरावं नाव.

१३ सप्टेंबर
हिचे पाय सुजलेत. बूट चढत नाहीत म्हणून माझ्या जुन्या सपाता घालून बाजारात गेली. म्हटलं, निदान रविवारी चर्चला तरी अशी येऊ नकोस, वर्ग घेणाऱ्याची बायको आहेस.
लेक येऊन हिला डॉक्टरकडे घेऊन गेली. लेक औषधांच्या दुकानात कामाला आहे, तिला यातलं कळतं. मला वर्गाची टिपणं काढायची होती. परत आल्यावर ही म्हणाली, डॉक्टर म्हणाले हृदय मोठं झालंय. मी म्हटलं, ते पहिल्यापासूनच मोठं आहे. हसली नाही. लेकही हसली नाही.
हल्ली घरात कुणाला विनोद कळत नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार
वर्गाला सात. परीक्षा जवळ आल्यात, हवाही बदललीय. संख्येवर जाऊ नये.
अपवाद म्हणून आज पावणेसातला उठलो.

२४ सप्टेंबर. सकाळ
मोठी आनंदाची गोष्ट. दोन-तीनदा लक्षात आलं होतं, आज खात्री झाली. पहाटे पाणी प्यायला उठलो तर ही पाठीला तीन उशा लावून अंधारात बसलेली. टक्क जागी. म्हटलं, झोपली नाहीस? म्हणाली, आडवं होववत नाही.
म्हणजे माझं बोलणं आत कुठेतरी पोचलंय. जागे राहा, जागे राहा म्हणून मी घसा कोरडा करतो, आणि बाकीचे वर्गातच पेंगतात. ही न बोलता जागी राहते. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, शाबास म्हटलं आणि झोपलो.
तिने माझा हात जरा वेळ धरून ठेवला होता.

२५ सप्टेंबर, गुरुवार
वर्गात हिचं उदाहरण दिलं. ही आज आली नव्हती. जिना नको वाटतो म्हणाली. एकूण पाच.

२ ऑक्टोबर, गुरुवार
मेहुणीला आज सकाळी सव्वासात वाजता क्षमा केली. एकदम हलकं वाटलं. तिला कळवलेलं नाही. ती गोष्ट माझ्या आणि प्रभूच्या मधली.
वर्गाला चार जण. त्यातले शिक्षक आजोबा पंख्याखाली बसायला येतात, त्यांच्या खोलीत उकडतं. बीज कुठे पडेल सांगता येत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार
मेहुणी आली. हिनेच बोलावलं होतं, मला न विचारता. मी दारातच म्हटलं, ये, माझ्या मनात आता काही नाही. ती म्हणाली, तुमच्या मनात काय आहे ते बघायला मी आले नाही.
दोघी बहिणी दुपारभर स्वयंपाकघरात. आधी रडण्याचा आवाज, मग हसण्याचा. मी आत गेलो की गप्प. जाताना मेहुणीने मला बाजूला घेतलं. म्हणाली, भावजी, तिचे पाय बघितलेत का? म्हटलं, गोळ्या चालू आहेत. म्हणाली, मी गोळ्यांचं विचारलं नाही, तुम्ही बघितलेत का ते विचारलं.
सव्वासातची क्षमा मागे घ्यावी लागली. नाव पुन्हा यादीत.

२० ऑक्टोबर
ही घरातल्या वस्तू वाटत सुटलीय. शिवणाचं मशीन समोरच्या नर्सबाईच्या मुलीला. लोकरीचा कोट खालच्या म्हातारीला. चांगली कात्री लेकीला. मला वाटलं होतं बोलावं, मग उमगलं: ही विरक्ती आहे. वर्गाचं पहिलं खरं फळ. पाळकसाहेबांना सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, तुम्ही दोघं बोलता ना एकमेकांशी? म्हटलं, रोज. असं का विचारता, ते मी विचारलं नाही.
खुर्च्या: दोन झाल्या. सहा बाकी.

२८ ऑक्टोबर, मंगळवार. दुपार
सकाळी ही दूध घेऊन येताना पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांवर बसली ती उठेना. ओठ निळे. नर्सबाईने अॅम्ब्युलन्स बोलावली. मी वर प्रार्थनेत होतो, बेल ऐकली होती, पण एक तास पुरा करायचा असा ठराव आहे. मग खालून कुणीतरी जोरात हाक मारली.
हॉस्पिटलमध्ये आहे. नळी लावलीय. पाणी काढतील, बरं वाटेल असं म्हणाले. म्हणजे बरं वाटेल.

२८ ऑक्टोबर. संध्याकाळ
भेटायच्या वेळेत गेलो. वर्गाची टिपणं बरोबर नेली होती. अशा वेळी माणसाला आधार लागतो. हिच्याजवळ स्टूल ओढून बसलो आणि एकेक प्रश्न विचारला. आज न्यायासनापुढे उभं राहावं लागलं तर भीती वाटेल का? नाही म्हणाली. कुणाबद्दल मनात काही आहे का? नाही. सार्वकालिक जीवनाची खात्री आहे का? आहे म्हणाली. असे अकरा प्रश्न. मला वर्गात कुणी इतकी सरळ उत्तरं दिली नव्हती.
बाराव्याच्या आधी तिने मला थांबवलं. विचारलं, तुम्ही जेवलात का?
नव्हतो जेवलो.
म्हणाली, तुम्ही घाबरू नका.
मी म्हटलं, मी कुठे घाबरलोय? टिपणं पिशवीत घालताना सगळी खाली पडली. पलीकडच्या बाईच्या मुलाने गोळा करून दिली.

२९ ऑक्टोबर
आज बरी होती. रंग आलाय. लेकीने तिचे केस विंचरले. लेक म्हणाली, पप्पा, उद्या दिवसभर इथेच थांबा. म्हटलं, उद्या गुरुवार.
ही म्हणाली, जाऊ दे ग त्यांना, त्यांचं तेवढंच आहे.

३० ऑक्टोबर, गुरुवार
वर्गाला कुणी आलं नाही.
शिक्षक आजोबाही नाहीत. मी सहाला दार उघडलं, दिवे लावले, खुर्च्या मांडल्या. सव्वासहापर्यंत वाट बघितली. निघता आलं असतं. पण कुणी उशिरा आलं आणि मीच नसलो तर काय म्हणेल, म्हणून सात वाजेपर्यंत बसलो. वेळेवर हजर राहणं हीच आपली साक्ष, असं मीच शिकवलं होतं. विषय होता जागृती. फोन नेहमीप्रमाणे बंद करून पिशवीत ठेवला होता.
सात वाजून पाच मिनिटांनी उघडला. लेकीचे नऊ फोन.
ही सहा वाजून वीस मिनिटांनी गेली. लेक होती आणि मेहुणी होती. शेवटी शुद्ध होती. दाराकडे बघत होती असं मेहुणी म्हणाली. मग लेक म्हणाली, मावशी, आत्ता नको.

३१ ऑक्टोबर
प्रार्थना नाही.

२ नोव्हेंबर, रविवार
काल माती दिली. पुष्कळ लोक आले. माझ्या वर्गाला एकूण मिळून आले नसतील इतके. खालच्या म्हातारीने लोकरीचा कोट घातला होता, ऊन असताना. भाजीवाला आला होता. शिवणकाम शिकलेल्या सात-आठ मुली होत्या. ही गुरुवारी दुपारी मुलींना शिकवायची म्हणे. मला वाटायचं ती झोपते.
पाळकसाहेबांनी सांगितलं, ती दीड महिन्यापूर्वी त्यांच्याकडे एकटी आली होती. डॉक्टरांनी फार वेळ नाही असं सांगितलं होतं. कोणतं गीत म्हणायचं ते तिने ठरवून दिलं. रडली नाही. एवढंच म्हणाली, प्रभू येईल तेव्हा मी झोपलेली असेन, पण तो मला हाक मारून उठवेल, मला त्याची चिंता नाही. मला यांची चिंता आहे.
मी विचारलं, तुम्ही मला सांगितलं का नाही? ते म्हणाले, ती म्हणाली होती, मी त्यांना सांगितलंय.
सांगितलं होतं. तेरा सप्टेंबरला. मी इथेच लिहून ठेवलंय.
कबरीपाशी पाळकसाहेबांनी हात वर करून प्रार्थना केली, हे प्रभू, लवकर ये. सगळे आमेन म्हणाले. गेले दोन महिने हे वाक्य मी सगळ्यांत मोठ्याने म्हणत आलोय. काल माझ्या तोंडून फुटलं नाही. माझ्या मनात आलं, आज नको. एवढ्यात नको. माझं काहीच झालेलं नाही.
ती उठेल याबद्दल मला शंका नाही. ती शंका मला कधीच नव्हती. तिच्यासमोर मी कोणत्या तोंडाने उभा राहणार, हे कुठल्या टिपणात नाही.

४ नोव्हेंबर
मेहुणीकडे गेलो. क्षमा करायला नाही. दारात उभा राहिलो आणि काय म्हणायचं ते विसरलो. तिने आत घेतलं. दोघंही फार बोललो नाही. निघताना म्हटलं, ते नऊ वर्षांपूर्वीचं तुझं खरं होतं. ती म्हणाली, मला आठवतही नाही मी काय म्हटलं होतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार
वर्ग बंद. चर्चच्या दारावरचा वर्गाचा कागद मीच काढला.
लेक सात दिवस इथेच आहे. सगळ्यांचं तिनेच बघितलं. आज दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या झोपली. वाटलं, चहा करावा. साखर कुठे असते ते मला माहीत नव्हतं. चार डबे उघडले. पाचव्यात सापडली. ती किती साखर घेते तेही माहीत नव्हतं. उठवून विचारावंसं वाटेना. दोन चमचे घातले. दूध जरा उतू गेलं, ते पुसलं.
ती उठली. कप हातात घेऊन जरा वेळ बसली. मग सगळा चहा प्यायली.
मी विचारलं, साखर बरोबर होती का? म्हणाली, मी साखर घेत नाही पप्पा, तीन वर्षं झाली.
मग प्यायलीस कशाला?
म्हणाली, तुम्ही केला होता.
मी तिच्यासमोर स्टुलावर बसलो. विचारलं, अजून काय काय मला माहीत नाही?
तिने रिकामा कप खाली ठेवला आणि पाय वर घेऊन बसली, लहानपणी बसायची तशी. म्हणाली, आईचं सांगू का आधी, की माझं?
म्हटलं, तुझं सांग.