नलूचं दार, परबकाकांचं मशीन

७ जानेवारी, मंगळवार
नलूने आज पुन्हा विषय काढला. हॉलमध्ये पार्टिशन घाल, दार असलेलं. नाहीतर ती बोरिवलीला सुमनकडे राहायला जाणार. सुमन म्हणजे तिच्या लॅबमधली मैत्रीण, तिच्याकडे एक खोली रिकामी आहे. एक तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय. हे सगळं पोळ्या लाटता लाटता, आवाज न चढवता.
माझं काय चुकलं, विचारलं. म्हणाली, तू काही केलं नाहीस ताई, मला दार हवंय.
धाकटी बहीण. भावोजी गेल्यावर वाकोल्याहून इथे घाटकोपरला आली त्याला दीड वर्ष झालं. दीड वर्षात काय खुपलं ते माणसाने तोंडाने सांगावं ना. नीट जेवले नाही.

८ जाने., बुध.
तीन सुतारांना फोन. पहिला एवढ्याशा कामाला येत नाही. दुसरा मार्चनंतर. तिसरा "उद्या येतो" म्हणाला, म्हणजे येणार नाही.
एकतीस वर्षं अंधेरीच्या कंपनीत स्विचबोर्ड जोडले. ड्रिल घरचं आहे. मीच करीन. नलूला सांगितलं तर म्हणाली, हात सांभाळ. बाकी काही नाही.

९ जाने., गुरु.
तळमजल्यावर परबकाकांकडे गेले. त्यांची हयात सिनेमाच्या स्टुडिओत सेट उभारण्यात गेली, आता वय शहात्तर. हाताने धरून चालवायचं गोल पात्याचं कटर मशीन त्यांच्याकडे पेटीत आहे, हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत. मागितलं तर आधी दोन्ही पंजे माझ्यासमोर पसरले. "मोज."
दहा बोटं.
"चाळीस वर्सां. ह्यो माझो दाखलो."
मशीन देतो म्हणाले, पण एका अटीवर. ते सांगतील तेव्हाच प्लायला लावायचं. तोवर नुसतं समजून घ्यायचं. मला अट आवडली. माझ्यासारखाच चिकट माणूस.

११ जाने., शनि.
प्लाय आणलं, आठ बाय चार फुटांचे तीन पत्रे. जिन्यातून वर आणताना हमालाने भिंतीला ओरखडा काढला, सोसायटीच्या सेक्रेटरींचा चेहरा बघण्यासारखा.
काकांचा पहिला धडा: प्लग. मशीनला हात लावायच्या आधी प्लग काढायचा आणि तो आपल्या डोळ्यांसमोर ठेवायचा. बटण बंद आहे म्हणून चालत नाही. मी दोनदा विसरले, दोनदा काका ओरडले.
पात्याखाली एक पत्र्याची टोपी असते. कापताना ती आपोआप मागे सरकते, कापून झालं की स्प्रिंगने परत पात्यावर येते. काकांची टोपी मागे गेली ती तिथेच अडकली. मी टॉर्च लावून पाहिलं, तर सांध्यात हळदकुंकवाचा तेलकट थर आणि त्यात लाल-पिवळा दोरा गुरफटलेला. त्यांच्या सूनबाई दर दसऱ्याला मशीनची भक्तिभावाने पूजा करतात, त्याचा हा प्रसाद. काका ओशाळले. कामावर पोरं टोपीला मुद्दाम पाचर मारून ठेवायची तेव्हा त्यांना शिव्या घालायचो, म्हणाले, आणि घरी देवाच्या नावाने तेच. मग हळूच, "सुनेक सांगा नको हां."
जुन्या टूथब्रशने तासभर साफ केलं. आता टोपी खट्कन बंद होते. पाच-सहा वेळा नुसतीच उघडझाप करून पाहिली.

१२ जाने., रवि.
नलूला सुट्टी. दिवसभर भिंतीकडे तोंड करून मोबाइल बघत पडली होती. काय बघतेस विचारलं. काही नाही. दुपारी पंख्याचा नंबर कमी केला म्हणून माझ्याकडे नुसतं पाहिलं.

१३ जाने., सोम.
गुण्या, म्हणजे सुताराचा काटकोन, लावून पाहिला. मशीन ज्यावर सरकतं त्या तळपट्टीशी पातं काटकोनात हवं, तर मध्ये केसभर फट. गुण्या दातांना नाही टेकवायचा, पात्याच्या सपाट अंगाला टेकवायचा. स्क्रू सैल, किंचित ढकललं, पुन्हा आवळला, पुन्हा बघितलं. तीनदा. काकांचं चालूच: "आधी गुण्यात, मगे गोविंदान."
मग कापाची खोली. पातं प्लायच्या खाली एका दाताएवढंच बाहेर यावं. मी जास्त काढलं होतं. मला वाटलं, जास्त बाहेर म्हणजे नीट कापेल. काका म्हणाले, तेवढाच जास्त धोका, काम तेवढंच.

१४ जाने., मंगळ. संक्रांत
समोरच्या वहिनींकडे हळदीकुंकू. आम्हा दोघींना बोलावणं नाही. मी बिनलग्नाची, नलू विधवा, प्रश्नच मिटला. नलूने कांदाभजी केली. दारासमोरून एकेक बाई प्लास्टिकचा डबा लुटून जात होती आणि आम्ही आतून प्रत्येक डब्याचा रंग ओळखत होतो. खूप दिवसांनी इतकं हसलो.
मग हिला दार कशाला हवंय?

१६ जाने., गुरु.
प. काकांनी टाकाऊ तुकड्यावर चाचणी कापायला सांगितली. कापली. चष्मा घट्ट, बांगड्या काढून, ओढणी घरी. आवाज फार, पण रेघ सरळ आली. वरच्या बाजूला कपच्या उडाल्या. पातं खालून वर कापतं, म्हणून प्लायची दिसायची बाजू खाली ठेवायची, हे आज कळलं.
काका म्हणाले, चल, लाव मोठ्या पत्र्याला. मी म्हटलं पातं बोथट वाटतंय. बदलू.

१७ जाने., शुक्र.
नवीन पातं. घातलं, दातांची दिशा बाणाशी जुळवून पाहिली, पुन्हा गुण्या, पुन्हा खोली. पुन्हा चाचणी. चांगलं आलं. तरी मला तळपट्टी किंचित हलते असं वाटलं.

१८ जाने., शनि.
आज काकांनी पकडलं. मी चौथ्यांदा गुण्या मागितला, तर दिलाच नाही.
"मशीन कधीचा गुण्यात इला, शैला. आता तुझा अडलाहा खंय?"
मी म्हटलं, घाई करायची नाही, तुम्हीच सांगितलंत. त्यांनी चहा मागवला. मग माझ्या तोंडून आपसूक निघालं. कापलं की भिंत उभी राहणार. नाही कापलं तर ती बोरिवलीला. दोन्हीकडून मी एकटीच. मशीन जुळवत बसते तोवर काहीच झालेलं नसतं.
काका म्हणाले, तिला विचारलंस का, की तुझं तूच ठरवलंस? विचारलं होतं, म्हटलं. म्हणाले, माझं काय चुकलं ते विचारलंस. तिला काय हवं ते नाही.
म्हातारा बोलायला लागला की झोंबतं.

१८, संध्याकाळ
नलू लॅबमधून आल्यावर विचारलं. आत जाऊन करणार काय? तिने भाजीची पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती.
"माहेरी एका खोलीत सहा जण. सासरी नऊ. चोपन्न वर्षांत मी कडी लावून बसले ती फक्त संडासात, आणि तिथेही बाहेरून कुणीतरी हाक मारायचंच. आत काय करणार मला माहीत नाही गं ताई. कळायला तरी आत जाऊ दे."
मी छत्तिसाव्या वर्षी स्वतःच्या कर्जावर ही जागा घेतली. तेव्हापासून अख्खं घरच माझं. मला हे कधी सुचलंही नव्हतं, आणि त्याची लाज वाटली. तिच्यावर रागही आला, की वाकोल्यात एवढी वर्षं होतीस तेव्हा एकदाही बोलली नाहीस. पण बोलून मी काय करणार होते?

१९ जाने., रवि.
आज खरं लिहिते. मी काढलेल्या पार्टिशनच्या नकाशात नलूची खोली स्वयंपाकघराच्या बाजूच्या कोपऱ्यात होती. सहा बाय पाच. खिडकी नाही. खिडकी एकच, तिच्याखाली माझी कॉट, पंचवीस वर्षं. मी तिला दार देत होते आणि हवा माझ्याकडे ठेवत होते. नलूने नकाशा पाहिला होता, काही म्हणाली नव्हती.
जमिनीवर आखलेली खडूची रेघ पुसली. नवीन रेघ हॉलमध्ये आडवी, भिंतीपासून भिंतीपर्यंत. खिडकीकडचा भाग तिचा. मी मुख्य दाराकडे. नलू बघत उभी राहिली, म्हणाली, तुला उकडेल. मी म्हटलं पंखा आहे. मग दोघींनी कॉट सरकवली. खाली किती धूळ.

२१ जाने., मंगळ.
नवीन मापं. रुंदी नऊ फूट आठ इंच. एक पत्रा अख्खा, एक चार इंच कमी, तिसऱ्यातून दार. छताशी दोन इंच उरतात, तिथे पट्टी.
काकांनी विचारलं, रेघेच्या कुठल्या अंगाने कापणार? मला वाटलं रेघेवरूनच. म्हणाले, पातं रेघ खातं. दोन-अडीच मिलिमीटर जातातच. टाकायच्या बाजूला फुली मार आणि पातं फुलीच्या अंगाला ठेव. कापायच्या चारही ठिकाणी फुल्या मारल्या. पेन्सिल नलूची.

२६ जाने., रवि.
झेंडावंदनानंतर गच्चीत. सेक्रेटरींनी अकरा ते एक दिले, त्याही वेळेत दोनदा डोकावून गेले.
प्लायखाली चार पट्ट्या, रेघेच्या दोन्ही अंगांना दोन-दोन, म्हणजे कापलेला तुकडा खाली झुकून पात्याला चावणार नाही. मार्गदर्शक पट्टी क्लॅम्पने आवळलेली. काका खुर्चीत. प्लग नलूच्या हातात, मी सांगितल्याशिवाय लावायचा नाही. ती तो प्लग दोन्ही हातांनी धरून उभी, निरांजन धरल्यासारखी.
लाव म्हटलं. पात्याच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही, मी डाव्या अंगाला. पूर्ण वेग येऊ दिला, मग पुढे. ढकललं नाही, नुसतं नेलं. मध्येच आवाज बदलला तेव्हा घाबरून मागे ओढणार होते. मागे ओढायचं नाही हे ऐन वेळी आठवलं. बटण सोडलं, पातं थांबेपर्यंत तशीच उभी राहिले. क्लॅम्प सैल झाला होता. आवळून पुन्हा.
चारही काप झाले. दाराचा पत्रा शेवटी. काकांनी कडेवरून अंगठा फिरवला. नलूने माझी बोटं मोजली. खरंच मोजली, एकेक धरून.

२९ जाने., बुध.
चौकट उभी. पत्रे लागले. दार काकांच्या देखरेखीखाली, तरी खाली किंचित घासतं. उद्या कडेवरून रंधा मारीन.
कडी आतून. दुकानदाराने विचारलं बाहेरून पण हवी का. नको म्हटलं.

३१ जाने., शुक्र.
दार लागतं, उघडतं. नलूने आत आपली गादी, एक स्टूल, वाकोल्याहून आणलेली पत्र्याची ट्रंक नेली. रात्री जेवून, भांडी आवरून, "जाते गं" म्हणाली. दहा पावलांवर जायचं होतं. कडी लागल्याचा आवाज झाला.
सुमनला "येत नाही" असं कळवलंस का, विचारणार होते. दार लागलेलं होतं.

१ फेब्रुवारी, शनि.
सकाळी सात. एरवी ती सहाला उठते. चहा केला, दोन कप. तिचा कप घेऊन पार्टिशनपाशी गेले. दार ढकलायला हात गेला आणि थांबला. मग बोटाने वाजवलं. एकसष्टाव्या वर्षी, स्वतःच्या घरात पहिल्यांदा.
आतून म्हणाली, "कोण?"
घरात दोघीच. चहा हाताला चटके देत होता.
मी म्हटलं, "शेजारीण."
आत ती हसली की खोकली, ते प्लायमधून नीट कळलं नाही.