विहीणबाईंस क्वेट्ट्याच्या तंबूतून

क्वेट्टा, आश्विन शुद्ध द्वादशी

सौ. विहीणबाई सत्यभामाबाई यांना रुखमाबाईचा वाकून नमस्कार. गुडघ्याला नवं तेल मानवलं का, ते कळवा. आशा ठणठणीत आहे, सहावा महिना सुखाने चालला आहे. तुमचे चिरंजीव काळवंडलेत, पण जेवतात भरपूर. (हे आधीच लिहिते, नाहीतर पुढचं तुम्ही धड वाचणार नाही.)

पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं म्हणून "सुनेले घेऊनच या" असं तुम्ही बजावलंत आणि मी निघाले. मुंबईहून कराचीपर्यंत आगबोट, पुढे आगगाडी. किनारा पाहून डोळे निवतील, असं सोबतीला आलेले माझे भाऊ नारायणराव म्हणाले होते. त्यांचे निवले. उजव्या हाताला काठेवाडची पांढरी वाळू, शिडांच्या होड्या, आणि मी डाव्या कठड्याला, पोटातलं सगळं समुद्राला वाहत. लांबून द्वारकेचा कळस दिसला तेव्हा लोकांनी दोन्ही हात जोडले. मी एकच उचलला, दुसऱ्याने कठडा धरला होता. (देव समजून घेईल.) मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं खायचं नाही, म्हणून मी पंधरा दिवसांच्या दशम्या आणि धपाटे बांधून घेतले होते. एका लाटेने सगळ्यांचा लगदा केला.

क्वेट्ट्याला उतरले तर शहरच दिसेना. विटांचे ढीग, मधून नवे आखलेले रस्ते, आणि पडलेल्या दुकानाच्या जोत्यावर बसून एकजण द्राक्षं विकत होता. दीड वर्षापूर्वीच्या भूकंपात आशा ज्या ढिगाखालून निघाली, तो तिने दाखवला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

तंबूत तिने ताट वाढलं. मी नियम सांगितला. "आई, हे घर आहे काय? तंबू आहे. खाय मुकाट्यानं." दोन दिवसांची उपाशी मी, पाच पोळ्या खाल्ल्या. शास्त्रात तंबूचा उल्लेख नाही, असं नारायणरावांनीही चौथी पोळी वाढून घेताना सांगितलं.

निघायचं म्हटलं तर ती येईना. "तुह्या घरचं धाब्याचं छप्पर मले डोक्यावर नको. किती माती हाय त्यावर! इथं कापड पडलं त निघता येते." मी चिडले. भित्री म्हणाले. तेवढ्यात जमीन हलली, भांडी वाजली, आणि गरोदर लेकीला टाकून मी झारा घेऊन थेट मैदानापलीकडे! वळून पाहिलं तर ती खांब धरून हसत होती. विहीणबाई, भूकंपानंतर ती इतकी हसलेली तुमच्या चिरंजीवांनी प्रथमच पाहिली. माझ्या जिवावरचं ओझं उतरलं. संध्याकाळी ती आपणहून म्हणाली, "येतो."

तुमची,
रुखमाबाई

ता. क. तिची एक अट आहे. व्याहीबुवा जत्रेत दुकान मांडतात तो तंबू पिंपळगावी आमच्या अंगणात उभा करवा. बाळंतीण अंगणात ठेवली म्हणून गाव हसेल. तुम्ही तेवढं हसू नका, म्हणजे गावाचं मी पाहून घेईन.

पुन्हा ता. क. तंबू छोटा असला तर त्याला जोड लावून घ्या. परवापासून मलाही छपराखाली झोपायचं नको वाटतं. (हे नारायणरावांना कळवू नका.)