टाकीमागची चिंच

प्रिय रामदासभाऊ,

जयभीम.

उद्या मंडळाची बैठक आहे. संक्रांतीचं पत्रक छापायला द्यायचं आहे. छापखानेवाला दोनदा विचारून गेला, "मास्तर, दोन दिवस टाकू का तीन?" मी त्याला थांबायला सांगितलं. काल तुमच्या कौसल्याबाईंनी घरी बोलावून तुमचा एक कागद हातात ठेवला. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं आहे. संक्रांतीपासून पावसाळ्यापर्यंत तुम्ही होतात, रोज दिसत होतात. तेव्हा बोललो नाही. म्हणून आता हे पत्र.

तुम्ही लाइनमन. सगळी नोकरी खांबावर चढून तारांत अडकलेले पतंग काढण्यात गेली. असा माणूस निवृत्त झाल्यावर पतंगाचं तोंड पाहणार नाही. तुम्ही ब्रह्मपुरीत पतंग मंडळ काढलं.

नियम एकच होता. एक दिवस काटाकाटी, एक दिवस सोडवासोडवी. पहिल्या दिवशी मैदानावर स्पर्धा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी टोकाला आकडा लावलेले बांबू आणि पोती घेऊन निघायचं. झाडांवरचा, कुंपणांवरचा, धानाच्या बांध्यांमधला मांजा काढायचा. कप दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कुठल्यातरी झाडाखाली. घेणाऱ्याचे हात ओरबाडलेले असायचे.

स्पर्धेचं तुम्हाला वावडं होतं, असं लोक आता म्हणतात. ते खोटं आहे. एकाच सकाळी तुम्ही माझे सात पतंग काटले होते. वर विचारलं होतं, "मास्तर, पतंग उडवून राह्यले का वाळू घालून राह्यले?"

मला सचिव तुम्हीच केलं. मास्तरचं अक्षर चांगलं आहे, एवढंच कारण सांगितलं.

मी काय केलं? वडसा, धानोरा, मूल, सगळीकडे पत्रं पाठवली. आठ-दहा जणांचं मंडळ होतं, मैदान भरायला लागलं. संघ वाढले, फेऱ्या वाढल्या, एक दिवस पुरेना. पोरांना पतंग बनवायला शिकवणारा शाळेतला कागद-कामट्यांचा वर्ग आधी बंद झाला. मग मी सुचवलं की अंतिम फेरी दुसऱ्या दिवशी घेऊ. त्यात माझं सगळंच चुकलं, असं मला आजही वाटत नाही. स्पर्धा नसती तर कोण आलं असतं, भाऊ?

गेल्या संक्रांतीआधीची ती बैठक तुम्हाला आठवत असेल. तुम्ही उभे राहिलात.

"स्पर्धा दोन दिवस करा, तीन करा, मले काई नाई. पण मांजा वेचाले एक दिवस ठेवा. असा ठराव मांडतो मी."

अध्यक्ष म्हणाले, "रामदासभाऊ, यंदा फ्रीज आहे बक्षिसाले. फ्रीज जिंकलेला मानूस झाडावर चढन का?"

"मंग फ्रीज झाडालेच बांधा. घ्याले तरी चढन."

सगळे हसले. मीही हसलो. मग अध्यक्षांनी विचारलं, अनुमोदक कोण? ठराव एकट्याचा होत नाही. मांडणारा एक आणि त्याला दुजोरा देणारा एक, दोन माणसं लागतात. तुम्ही एकेकाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाहीत. मी लिहीत होतो. लिहिण्यासारखं काही नव्हतं, तरी मान खाली घालून लिहीत होतो. नंतर खरोखरच लिहिलं : अनुमोदकाअभावी ठराव बारगळला.

बाहेर चपला घालताना तुम्ही वहीकडे बोट दाखवलंत. "अक्षर मात्र चांगलं आहे तुमचं."

फ्रीज धानोऱ्याच्या संघाने नेला. जीपच्या टपावर बांधला तेव्हा तुम्ही खाली उभे राहून रस्त्यावरच्या तारांची उंची बघत होतात. ड्रायव्हरला हाताने खूण केलीत, जाऊ दे, लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्या दारात आलात. खांद्यावर बांबू होता.

"मास्तर, टाकीमागच्या चिंचेवर ढोकरी लटकून राह्यली. जिती आहे. एकानं बांबू धरला तं दुसऱ्याले दोरा कापता येते. चला."

"अर्ध्या तासात येतो भाऊ. पेपरवाल्याले फोटो पाठवून राह्यलो."

तुम्ही बांबू दुसऱ्या खांद्यावर घेतलात. म्हणालात, "पाठवा, पाठवा. ते काई कुठी जात नाई."

मी दोन तासांनी गेलो. तुम्ही नव्हता. ढोकरी होती. तो मळकट, भाताच्या पाण्यात उभा राहणारा साधा बगळा, एक पंख उघडा, पाय वर. हलत नव्हता. चिंचेच्या बुंध्यापाशी तुमच्या चपलांचे ठसे होते. खूप वेळ एकाच जागी उभं राहिल्यावर उमटतात तसे. मी घरी आलो. कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतरही रस्त्यात भेटलात की "जयभीम मास्तर". पूर्वीसारखंच. काऊन भाऊ? एकदा तरी बोलायचं होतं. चार लोकांत बोलला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, भांडलो असतो, मग कदाचित आलोही असतो. तुम्ही मला ती वाट ठेवली नाही. हा राग मी तुमच्यावर अजून धरून आहे. कुठे ठेवू तो?

श्रावणात एका दुपारी जेवून तुम्ही आडवे झालात, ते उठलाच नाहीत. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मला बोलायला सांगितलं. तुम्ही मंडळ कसं काढलं ते सांगितलं, तुमचा बांबू सांगितला, सात पतंगही सांगितले. लोक हसले, डोळेही पुसले. चिंच सांगितली नाही.

आता कागदाबद्दल.

गेल्या संक्रांतीचंच पत्रक आहे. समोर माझी वाक्यं, मागे तुमची पेन्सिल. खांबांची यादी करायची सवय, तशी झाडांची यादी. तलावाच्या पाळीवरचा पळस. कॉलेजच्या कुंपणाची बाभूळ. बसस्टँडमागचा वड. बहुतेकांवर काट मारलेली. कौसल्याबाई म्हणाल्या की पाऊस लागेपर्यंत दर रविवारी तुम्ही जात होतात. मांजा नायलॉनचा, पावसाने तो कुजत नाही, एवढंच म्हणायचात.

चार झाडांवर काट नाही. चारींपुढे एकच शेरा : दोघं लागतात. पहिलं नाव टाकीमागच्या चिंचेचं.

मी विचारलं, "बाई, तुम्हाला का नाही नेलं त्यांनी?"

"मी मनलं होतं ना, मी येतो. तं मने, मास्तर येते मनले आहे."

ढोकरी मेल्यावरही, भाऊ? संक्रांत सरली, होळी झाली, ऊन तापलं, तरीही?

उद्या मांजा वेचायच्या दिवसाचा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदक मिळेल असं वाटत नाही. यंदा बक्षिसाला फ्रीजपेक्षा मोठं काहीतरी आहे. नाही मिळाला तर माझ्याच नावासमोर तेच वाक्य लिहीन, त्याच अक्षरात. छापखानेवाल्याला काय सांगायचं ते बैठक ठरवेल.

पण बैठक अकराला आहे. त्याआधी सातला मी चिंचेखाली असेन. तुमचा बांबू काल पुसून ठेवला. खालून कोणी धरायला हवं होतं, म्हणून बाईंना विचारलं. त्यांनी कुंपणावर वाळत टाकलेलं लुगडं आधी उलटं केलं, मग म्हणाल्या, "धरीन ना. पण सात मनजे सात, मास्तर. अर्धा तास नोका मनू."

नाही म्हणणार.

तुमचा,
दिवाकर मास्तर