उष्टा वाडगा

१३ सप्टेंबर, शुक्रवार

बेवनबाईंची कवळी आज एकदाची बसली. आरसा हातात घेऊन म्हणाल्या, हे तर माझ्या बहिणीचं तोंड! ऐंशी ओलांडलेली बाई सेव्हर्न नदीपलीकडच्या, वेल्समधल्या खेड्यातून दोन बस बदलून माझ्याकडे ब्रिस्टलला येते. का, तर माझे हात गरम असतात म्हणे. हातमोज्यांतून कळतं?

निघताना त्यांनी तनूची चौकशी केली. भिंतीवर तिचा शाळेतला फोटो आहे. मी पेशंटला घरचं काही सांगत नाही. आज सगळं सांगून टाकलं. पोरगी सोळाची आहे, उन्हाळ्यापासून आमच्यासमोर घास खात नाही, गणपतीत मोदकाला हात लावला नाही, स्वेटरमधून खांद्याची हाडं दिसतात. तिला दाखवतो त्या क्लिनिकमधली बाई सांगते, आग्रह करू नका, ताटाकडे बघू नका. मराठी आईला सांगते, आग्रह करू नका! मग मी करू काय?

बेवनबाईंनी शांतपणे कोट चढवला. म्हणाल्या, मग आमचा वाडगा घेऊन जा. पावसात छत्री द्यावी तसं! अट एकच — बदल्यात घरातली अशी वस्तू ठेवायची, जिच्यावाचून रोज अडेल.

१५ सप्टेंबर, रविवार

नकुल कार चालवत होता. विमानांचे पंख डिझाइन करणारा माणूस, बायकोच्या वाडग्यापायी रविवार घालवतोय. “तू डेंटिस्ट आहेस,” एवढंच एकदा म्हणाला. मी म्हटलं, आईसुद्धा आहे. धुकं इतकं की पूल अर्ध्यावरच संपल्यासारखा दिसत होता. आम्ही जात राहिलो.

वाडगा बेवनबाईंच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात, भांडी पुसायच्या टी-टॉवेलमध्ये गुंडाळलेला. काळा, हलका, तळहाताएवढा. शेवटच्या जेवणात येशूनं शिष्यांना ज्यातून पाजलं तो हाच, असं सांगतात. सांगताना बाई स्वतःच खांदे उडवतात. आजारी माणसानं त्यातून पाणी प्यायचं आणि कडेचं लाकूड थोडं चावून गिळायचं, अशी रीत. शेकडो वर्षं लोकांनी तेच केलंय. कड सगळी कुरतडलेली, अर्धा वाडगा लोकांच्या पोटात गेलेला. म्हणजे उष्टा! माझ्या अंगावर काटा आला, आणि तो भक्तीचा नव्हता.

नकुलनं घड्याळ काढून दिलं. बाईंनी त्याच्या खिशातल्या फोनकडे बघून नकाराची मान हलवली; वेळ त्यातही कळते. मग मी पर्समधून लाटणं काढलं. ते त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं.

१६ सप्टेंबर

तनू खाली आली! वाडगा बघायला. मी हातातलं काम न सोडता तिला जर्मनाची गोष्ट सांगितली, काल बेवनबाईंनी सांगितली तशी.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी त्यांच्या आजीच्या दारात एक जर्मन आला. हिरवी हॅट, खिशात भिंग, नखं स्वच्छ. फार अदबीचा. कुठल्याशा मोठ्या साहेबासाठी पवित्र वस्तू शोधत हिंडत होता. त्याला येशूचा तो प्याला हवा होता — ज्याच्या हातात असेल त्याला जगात कुणी हरवू शकत नाही, शुद्ध आर्यांच्या पूर्वजांचा, वगैरे. (आर्य म्हणे! नागपूरला आमच्या गल्लीत एक आर्य होता, त्याचं नाक बारा महिने वाहायचं.) आजीनं वाडगा पुढे केला. त्यानं भिंग लावून पाहिलं. विचारलं, हा कुणी कुरतडला? आजी म्हणाली, सगळ्यांनी. मेंढपाळांनी, क्षयवाल्यांनी, डोकं फिरलेल्यांनी, रस्त्यानं जाणाऱ्या एका बाळंतिणीनं.

त्यानं वाडगा खाली ठेवला आणि रुमालानं एकेक बोट पुसलं. म्हणाला, खरी वस्तू अशी नसणार, ती निष्कलंक असणार. मग त्याची नजर फळीवर गेली. तिथे दुसरा वाडगा होता — गुळगुळीत, एक चरा नाही. आजी म्हणाली, अहो, पण तो... आणि तिनं तोंड मिटलं. जर्मनानं तो रेशमात गुंडाळला, कमरेत वाकून नमस्कार केला आणि गेला.

लोण्याचा वाडगा होता तो!

तनू हसली. आवाज करून हसली! नकुल जिन्यातच थांबला.

मग तिनं फोनवर शोधलं. हिटलरच्या त्या हिमलरची माणसं खरंच असल्या वस्तूंच्या मागे होती. “आई, हे लोक रिअली शोधत होते! लाइक, पगार घेऊन!” मग उष्टं म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं, कुणाचं तरी तोंड लागलेलं. “उष्टा वाडगा,” ती म्हणाली. मी म्हटलं, शाबास, वाडगा पुल्लिंगी. लिंगावरून आमचं रोज वाजतं, आज वाजलं नाही.

न जेवताच वर गेली.

१८ सप्टेंबर

पोळ्या वाइनच्या बाटलीनं लाटल्या. नकुल म्हणाला, छान, वेल्सचा नकाशा.

१९ सप्टेंबर

मला भीती वाटते. बास.

२१ सप्टेंबर, शनिवार

रोज वाडग्यात पाणी भरून तिच्या टेबलावर ठेवते. सकाळी तसंच असतं.

आज दुपारी खिडकीशी बसून वाडग्याची कड पाहत राहिले. सवयच ती. एकेक तोंड दिसायला लागलं. इथे कुणाचा तरी पुढचा दात तुटका. इथे दुधाचे दात, पाच-सहा वर्षांचं पोर असेल, कुणीतरी कडेवर घेऊन आलं असेल. इथे दात नव्हतेच, नुसत्या हिरड्यांनी दाबलेलं. बघता बघता डोळा लागला.

स्वप्नात तो जर्मन आमच्या नागपूरच्या स्वयंपाकघरात उभा. हॅट हातात, बूट दाराबाहेर काढलेले. माझी आई त्याला वरून, तोंड न लावता पाणी पिऊन दाखवत होती. त्याला ते फार आवडलं. दोघांचं चांगलं जमलं होतं.

जाग आली तेव्हा माझ्या हातात टिश्यू होता. वाडगा पुसलेला. कधी पुसला, आठवत नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार

कारमध्ये तनू आपणहून बोलली, काचेबाहेर बघत. “आई, रिकामी असले ना, की मला क्लीन वाटतं. खाल्लं की डर्टी.” आणि मग, “तो जर्मन. आय गेट हिम.”

मला रस्ता दिसेना. गाडी बाजूला घेतली आणि तिच्यासमोर रडले. क्लिनिकमधल्या बाईनं काय सांगितलं होतं, सगळं विसरले. म्हटलं, मलापण कळतो गं तो. मीपण वाडगा पुसला.

ती पहिल्यांदाच माझ्याकडे वळली. “तू त्यातून पाणी प्यायलीस?”

नाही, म्हटलं.

“देन?”

२६ सप्टेंबर

प्यायले. तनूसमोर, तोंड लावून. कानात आईचा आवाज आला — अगं, उष्टं! पाण्याला पावसासारखी चव होती. तनू जायला निघाली नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

सकाळी शहरावर फुगे. ते मोठाले, माणसं घेऊन जाणारे. धुक्यात अर्धे बुडालेले, आवाज न करता आमच्या छपरावरून जात होते. तनू खिडकीत उभी राहून बघत होती. मी वाडगा उचलायला गेले. त्यात पाणी नव्हतं.

आणि कडेला एक नवी खूण. आतलं पिवळट लाकूड दिसतंय, ताजं. पुढचे दोन दात सरळ, त्यांच्या डावीकडचा जरा वळलेला. ब्रेसेस नको म्हणून भांडली होती, तेव्हा मीच माघार घेतली होती. तो दात मी जगात कुठेही ओळखेन.

बेवनबाईंना फोन केला. लाजत, घाबरत सांगितलं की वाडगा चावला गेलाय. “त्यासाठीच आहे तो,” त्या म्हणाल्या. मग लाटणं न्यायला येऊ का, विचारलं. म्हणाल्या, घाई कशाला, मला ते आवडायला लागलंय.

२ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी ओट्याशी उभी होते. बाटलीनंच लाटत होते. मागून तनू आली. तिच्या हातात कालची वाकडी पोळी, एका बाजूनं खाल्लेली. उरलेली तिनं माझ्यापुढे धरली.

“आई, हा माझा उष्टा पोळी आहे. तुला चालेल?”

पोळी स्त्रीलिंगी. मी चूक काढली नाही. खाल्ली.