परक्या ग्रहावरचे पाणी आणि माझ्या शेतातला दगड

मी, केरबा सांडू मदने, वय त्र्याहत्तर, धंदा मेंढपाळ, राहणार मदने वस्ती, बिडकीनजवळ, तालुका पैठण, जिल्हा छत्रपती संभाजीनगर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना हे मृत्युपत्र सांगून लिहून घेत आहे. डोके ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डोके ठीक आहे, मन जागेवर नाही, पण त्याचा दाखला कोणी मागितलेला नाही. लिहिणारे निवृत्त शिक्षक नानासाहेब गुरुजी आहेत. मी सारखा उठतो-बसतो म्हणून ते चिडले आहेत.

१. राहते घर, पत्र्याच्या दोन खोल्या, पत्नी बानाबाई हयात असेपर्यंत तिचे, नंतर मुलगा रामेश्वर याचे. घरात कोणी राहावे हे बानाबाई ठरवील. आजवरही तीच ठरवत आली आहे.

२. बहीण चतुराबाई हिने आईची गळ्यातली चांदीची सरी माझ्या लग्नात एक दिवस घालायला नेली, ती अजून नेलेलीच आहे. ती परत मागू नये. मात्र माझ्या दहाव्याला ती घालून आली तर सर्वांनी नीट बघावे.

३. मेंढ्या एक्केचाळीस. माळ कारखान्यांच्या वसाहतीत गेल्यापासून त्यांना लांब न्यावे लागते, मध्ये रुंद रस्ता आडवा येतो, दोन कोकरे त्यात गेली. तरी घर त्यांच्यावरच चालते. या मेंढ्या विकून दिवाळीनंतर शेतात बोअर घ्यायचे रामेश्वरने ठरवले आहे. जागा मी दाखवलेली आहे, खूण म्हणून वर दगड ठेवलेला आहे. मी दिवाळी पाहीन असे डॉक्टरांना वाटत नाही. हे मृत्युपत्र खरे तर त्या दगडासाठी आहे.

४. चाळीस वर्षे मी आजूबाजूच्या गावांना पाणी दाखवले. तळहातावर नारळ आडवा ठेवून अनवाणी चालायचे, तो उभा राहील तिथे खोदायला सांगायचे. पाणी लागले तर माझे नाव होई. नाही लागले तर काही ना काही कारण मी काढत असे. ‘मला ठाऊक नाही’ असे मी एकदाही म्हटलेले नाही.

रामेश्वरची मुलगी ज्ञानेश्वरी शहरात विद्यापीठात शिकते. लांबच्या एका ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह ज्यांनी शोधला, त्या चाळीसेक लोकांत तिचे नाव आहे. ग्रह आपल्या पृथ्वीएवढा, सगळा खडक. तो कोणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. दर नऊ दिवसांनी ताऱ्याचा उजेड जरासा कमी होतो, त्यावरून तो ओळखला. त्याची एक बाजू कायम ताऱ्याकडे असते, म्हणजे तिथे बारा महिने वैशाखातली दुपार. मी विचारले ते आपल्याकडच्या कोणीही विचारले असते.

“तिथं पाणी हाय का?”

“ठाऊक नाय, आबा. कुणालाच ठाऊक नाय. हवा तरी हाय का, तेच अजून बघायलोत.”

हे तिने चहा पिता पिता सांगितले. तिला त्यात काही कमीपणा वाटला नाही. मला मात्र राग आला. तिने आणलेला त्या ताऱ्याच्या उजेडाचा कागद मी ओट्यावर पसरला आणि त्यावर नारळ धरला. नारळ उभा राहिला. पाणी आहे, असे मी सांगून टाकले.

पोरगी हसली असती तर मी सुटलो असतो. ती हसली नाही. तिने माझाच पटका माझ्या डोळ्यांवर बांधला आणि हाताला धरून मला शेतातून सात वेळा फिरवले. नारळ सातही वेळा उभा राहिला. तो उभा राही तिथे ती एक खडा ठेवत होती. पटका सोडून पाहतो तर सात खडे सात ठिकाणी, माझ्या दगडापाशी एकही नाही. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही आणि एका जागी बसवत नाही. मी लोकांना मुद्दाम फसवले नाही. नारळाला माझाच हात उभा करतो, हे मलाच कळले नव्हते.

रामेश्वरला हे सांगितले. आजाराने आबांचे डोके फिरले, असे तो म्हणतो. म्हणून साक्षीदारांसमोर लिहून देतो, की त्या दगडाखाली पाणी आहे की नाही हे मला ठाऊक नाही. माझ्या शब्दावर तिथे बोअर घेऊ नये. दीड एकर शेत रामेश्वरचे. मेंढ्या मात्र त्याला न देता बानाबाईला देत आहे, म्हणजे तिला विचारल्याशिवाय त्या विकल्या जाणार नाहीत. रामेश्वर माझ्यावर रागावेल. रागावू दे.

५. माझी घोंगडी ज्ञानेश्वरीला. ती पुढे थंड मुलखात शिकायला जाणार आहे. ग्रहाचे काही कळले तर तिने बानाबाईला फोन करावा. काही कळले नाही तरी करावा. नारळ फोडून चटणी करावी.

६. साक्षीला मी मुद्दाम आप्पासाहेबांना बोलावले आहे. २०१३च्या दुष्काळात त्यांच्या मोसंबीच्या बागेसाठी मी तीन जागा दाखवल्या. तिन्ही बोअर कोरडे गेले. बाग तोडावी लागली, दोन्ही मुले वाळूजला कारखान्यात पाळीवर लागली. तेव्हा भर पारावर मी म्हणालो, की आप्पासाहेब चपला घालून माझ्यामागे चालले म्हणून पाणी हटले. तेव्हापासून अकरा वर्षे आमचे बोलणे नाही, आणि अकरा वर्षे त्यांनी पायात काही घातलेले नाही. आजही या उन्हात ते तसेच आले. चपलांनी काही झाले नव्हते, मी माझे नाव राखायला खोटे बोललो, असे मी आज त्यांच्या तोंडावर कबूल केले. माझ्या नव्या वहाणा त्यांना देत आहे. माझ्या मरणाची वाट न पाहता त्यांनी त्या आजच न्याव्यात, म्हणून मी त्यांच्यापुढे ठेवल्या.

त्यांनी वहाणा हलकेच माझ्याकडे सरकवल्या. मग म्हणाले, “ऱ्हाऊ दे, केरबा. पायाला आता सवय झाली.”

गुरुजी विचारतात, हे लिहायचे का. लिहा म्हटले.

वरील सर्व मला वाचून दाखवले, ते माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे. अंमलबजावणी नानासाहेब गुरुजींनी करावी.

ठिकाण : मदने वस्ती
तारीख : १९ मे २०२४

केरबा सांडू मदने (डाव्या हाताचा अंगठा)

आमच्यासमोर अंगठा केला :
१. आप्पासाहेब रावसाहेब ठोंबरे, शेतकरी (सही)
२. गीताबाई भिका तुपे, आशा सेविका (सही)

लिहिणार : नानासाहेब हरिभाऊ वाकडे, निवृत्त शिक्षक (सही)