आमच्या कॉम्प्युटरवरची मोठी अक्षरं

३ नोव्हेंबर, सकाळी
सिद्धीच्या लग्नाची पत्रिका मीच टाइप करणार. खाण कंपनीच्या ऑफिसात एकोणीस वर्षं कॉम्प्युटर हाताळला. मुलीच्या लग्नात साखळी बाजारातल्या डीटीपीवाल्याचे पाय कशाला धरू? पण स्क्रीनवरची अक्षरं अचानक पावाच्या उंड्याएवढी झाली आहेत. पाच मिनिटांचं काम.

३ नोव्हेंबर, दुपारी
डिस्प्ले सेटिंग लॉक. बटणं करडी, दबत नाहीत. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागतंय. या घरात अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मीच. माझा पासवर्ड चालत नाही. व्हायरस.

५ नोव्हेंबर
मॉनिटरची केबल काढून घातली. तीनदा. शेवटी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या परेशला फोन. म्हणाला, "काका, काकीक विचारा." पोराला विषय झेपत नाही.

६ नोव्हेंबर
अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं नाव सापडलं: शालिनी. हॅकरने थेट माझ्या बायकोचं नाव वापरलंय. ती घाबरू नये म्हणून जपून सांगितलं. ती खोबरं किसता किसता म्हणाली, "हॅकर खंयचो? मीच परेशाक सांगून लॉक करून घेतलंय. तुमका बारीक दिसत नाय. डोळ्यांच्या डॉक्टराकडे चला म्हणून शिगम्याच्या होळीपासून सांगतंय."
माझे डोळे उत्तम आहेत. त्या खोलीत उजेड कमी आहे.

७ नोव्हेंबर
दिवसभर अबोला धरला. संध्याकाळी तिने पासवर्ड कागदावर लिहून दिला. तो सिद्धीने वाचून दाखवला. शालिनीचं अक्षर फारच बारीक. सेटिंग उघडलं. अक्षरं पूर्ववत, मुंगीएवढी. अनुभव शेवटी कामाला येतोच.

८ नोव्हेंबर
पत्रिका तयार. सिद्धी म्हणाली, "बाबा, एकदा मी वाचू?" नको म्हटलं. मी तीनदा तपासलीय. चारशे प्रती छापायला दिल्या.

१४ नोव्हेंबर
पहिली पत्रिका मोरजीच्या व्याह्यांना पोचली. गोकुळदासांचा फोन. फार अदबीने बोलले. "रघुनाथबाब, 'कृपया आहार आणू नये' असं छापलंय. आमच्यातलं कोणी डबा आणणार नव्हतं. पण कोणी तसं म्हटलं काय?"
आहेर म्हणायचं होतं, छापखान्याने घोळ घातला, असं सांगितलं. सिद्धी बाजूलाच उभी होती. रात्री ती जेवली नाही.

१५ नोव्हेंबर
सिद्धी आणि शालिनी एकेका पत्रिकेवर पेनने काना खोडून मात्रा देताहेत. मीही बसलो. पहिल्याच पत्रिकेत मात्रा गोकुळदासांच्या नावावर पडली. सिद्धीने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.
उद्या दहा वाजता डोळ्यांचा डॉक्टर. मीच ठरवलं. कॉम्प्युटरवर अक्षरं पुन्हा मोठी झाली आहेत. पासवर्ड बदललाय म्हणे. मी विचारला नाही.